दुसऱ्या घंटेपर्यंत

१

लिंडहोवनमध्ये शपथ घेतलेला मोजणीदार एकच होता, गोमार व्हर्दोंक. त्यामुळे गावातली भांडणातली प्रत्येक भिंत कधी ना कधी त्याच्या हाताखालून जाई. बांध कुणाचा, पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडायचं, कुणाच्या माडीवरून कुणाचं परसू दिसतं, हे सगळं तो आपल्या दहा फुटी काठीनं मोजून कागदावर उतरवी आणि न्यायसभेपुढे शपथेवर वाचून दाखवी. तीस वर्षं हेच चाललं होतं. काठी उलटून बोलत नाही, म्हणून त्याला ती माणसांपेक्षा बरी वाटे.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता अनवाणी साध्वींच्या मठाचा खटला त्याच्या गळ्यात आला. मठ बांधून चार वर्षं झाली होती आणि खटल्यालाही चारच. शेजारच्या बिअरवाल्या क्रिस्पाइनचं म्हणणं असं, की मठाची पूर्वेची बाजू आपल्या अंगणात दहा फूट घुसली आहे. मठाचं म्हणणं, न्यायसभेनंच मंजूर केलेल्या नकाशात एकशे तीन फूट लिहिलेत आणि आम्ही एकशे तीनच बांधलेत. गावानं परवानगी देतानाच अट घातली होती: वरच्या मजल्यावर खोल्या दहा, राहणाऱ्या साध्वी दहा, त्यावर एकही नाही.

गोमारची एकुलती एक मुलगी आल्देगोंड त्या दहाजणींतलीच एक. आई गेल्यावर वर्षभरात ती मठात गेली, तिला आता अकरा महिने झाले होते. येत्या ईस्टरला ती कायमचं व्रत घेणार होती. मुलगी मठाला देऊन बसलेला बाप मठाची बाजू घेईल की मठावर दात धरेल, हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून दोन्ही पक्ष त्याच्या नावाला राजी झाले.

पहिल्या दिवशी त्यानं क्रिस्पाइनच्या अंगणातून बाहेरची भिंत मोजली. क्रिस्पाइन पिंपांवर चढून त्याच्या डोक्यावर उभाच होता.

"किती आले?"

"एकशे तेरा."

"बघ! चार वर्षं बोंबलतोय मी. माझी पिंपं एकमेकांच्या उरावर बसलीत आणि पलीकडे बायका ऐसपैस स्तोत्रं म्हणतायत."

"जरा दम धर," गोमार म्हणाला.

तो घरी येऊन नकाशा पुन्हा बघत बसला आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचून त्याला हसूच फुटलं. नकाशा काढणारा धर्मबंधू अँटवर्पचा. अँटवर्पचा फूट अकरा अंगठ्यांचा, लिंडहोवनचा दहा. तिकडचे एकशे तीन म्हणजे इकडचे एकशे तेरा, वर तीन अंगठे. त्यांनी त्यांच्या फुटानं मागितलं, सभेनं आपल्या फुटानं दिलं, आणि चार वर्षांत एकाही शहाण्याला काठ्या शेजारी शेजारी धरून बघायची बुद्धी झाली नाही. आता आतून मोजायचं, आतही तसंच वाढीव माप आलं की खटला खलास.

त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

२

मठात पुरुष जायचा म्हणजे त्याला रीत होती. फाटकापाशी सिस्टर वाल्बुर्गा हातघंटा घेऊन उभी राही. ती खालच्याच मजल्यावर राहायची, साठीची, रुंद खांद्यांची, पूर्वी बाजारात मासे विकलेली बाई. ती पुढे घंटा किणकिणवत चाले आणि पुरुषानं चार पावलं मागून यायचं. किणकिण कानावर पडली की हातातलं काम टाकून प्रत्येक साध्वीनं खोलीत जाऊन दार लावायचं. मग दुसऱ्या घंटेपर्यंत दार उघडायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही, आग लागली तरी आधी घंटेची वाट पाहायची. दुसरी घंटा म्हणजे तीन ठोके. पुरुष फाटकाबाहेर गेला, की वाल्बुर्गा तिथूनच ते देई.

"डोळे पायांवर ठेवा, मोजणीदार," ती म्हणाली. "काठी भिंतीला, नजर जमिनीला."

"जमीनच मोजायला आलोय, सिस्टर."

"सगळे असंच म्हणतात."

जिना चढून दोघं वर आले. समोर लांबलचक ओवरी, उजव्या हाताला ओळीनं दारं, आणि पूर्वेच्या टोकाला चुना दिलेली कोरी भिंत. वर यायला हा एकच जिना. किणकिण सुरू झाली आणि दारं लागू लागली. खट्. खट्. गोमारला मोजायची सवयच जडलेली होती, जेवताना तो घासही मोजी. दहावं दार शेवटचं, ते आल्देगोंडचं. तेही लागलं. आपल्या पोरीनं आत्ता या लाकडापलीकडे हात ठेवलाय, असं त्याच्या मनात आलं.

मग अकरावं दार लागलं.

आवाज मोठा नव्हता. कुणीतरी सवयीनं, हलक्या हातानं लावलेलं दार होतं, फक्त ते लांब होतं. ओवरी जिथे संपत होती, त्याच्याही पुढे.

"खोल्या दहाच ना?" त्यानं विचारलं.

"दहाच. का हो?"

"दारं अकरा वाजली."

"नवा चुना आहे, घर घुमतं," वाल्बुर्गा म्हणाली आणि घंटा जरा जोरात हलवू लागली.

३

त्यानं ओवरी मोजली. मग भिंतींची जाडी धरून, खिडक्यांची अंतरं धरून, एकेका खोलीचा हिशेब मांडला. आकडा आला एकशे तीन.

त्यानं काठी बदलून पाहिली. सूत लावून पाहिलं. गुडघे टेकून कोऱ्या भिंतीपासून जिन्यापर्यंत उलटं मोजत आला. एकशे तीन, लिंडहोवनचेच. म्हणजे बाहेरची भिंत अँटवर्पच्या फुटानं बांधली आणि आतली लिंडहोवनच्या? एकच गवंडी, एकच पाया. असं होत नसतं. मधले दहा फूट कुठेतरी असायलाच हवेत, आणि दहा फूट म्हणजे एक खोली आणि एक आडभिंत.

त्यानं टोकाच्या भिंतीवर बोटांनी वाजवून पाहिलं. आवाज भरीव आला, पोकळ नाही. त्याला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"टोकाची भिंत जाड असेल," तो स्वतःशीच म्हणाला. "दहा फूट जाड. तोफा लागणार होत्या की काय इथे."

"मोजणीदार," मागून वाल्बुर्गाचा आवाज आला, "त्या भिंतीशी फार वेळ थांबू नका."

"का? काय आहे?"

"काही नाही. चार वर्षांत या घरात कुणी मेलेलंसुद्धा नाही. नवं कोरं घर आहे." तिनं घंटा दुसऱ्या हातात घेतली. "मी दारं मोजत नाही. माझं काम घंटा वाजवायचं."

तिनं असं म्हटलं नसतं तर त्याला बरं झालं असतं.

४

महिन्यातून एकदा भेटीच्या खोलीत लोखंडी जाळीपलीकडून मुलीशी बोलता येई. जाळीवर काळं कापड होतं. अकरा महिन्यांत त्यानं तिचा चेहरा पाहिला नव्हता. शेवटचा पाहिला तो केस कापताना. आईसारखे दाट केस मठाच्या प्रमुख मदर गोदेलीव्हनं कात्रीनं कानाच्या वर उतरवले, तेव्हा.

"खोकला गेला का बाबा?"

"खोकल्याचं सोड. तुझ्या खोलीची भिंत, टोकाकडची. ओल आहे का तिला?"

"नाही. कोरडी आहे."

"मग काही आवाज वगैरे?"

कापडापलीकडे ती गप्प झाली. तिला खोटं बोलता येत नसे, लहानपणीही अशीच गप्प व्हायची.

"आल्दी."

"कुणीतरी केस विंचरतं, बाबा. पहाटे. लांब केस असावेत, कंगवा खूप वेळ खाली येत राहतो." मग ती घाईनं म्हणाली, "उंदीर असतील. मी वाल्बुर्गाला सांगितलं, ती म्हणाली उंदीरच."

मठात कुणाच्याच डोक्यावर चार बोटांहून लांब केस नव्हते. बापलेक दोघांनाही ते ठाऊक होतं.

"मदरला सांग आणि खोली बदलून घे."

"असं मागता येत नाही हो इथे. दिली ती घ्यायची. ईस्टरला व्रत झालं की ती माझी कायमची."

कायमची म्हणजे मरेपर्यंत. आल्देगोंड तेव्हा एकोणीस वर्षांची होती. गोमार घरी येऊन रस्सा समोर घेऊन बसला आणि तो तसाच निवू दिला. आपण मोजणीदार आहोत, घाबरलेली म्हातारी नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. दोन मापं जुळत नाहीत, एवढंच. पुन्हा मोजायचं. न्यायसभेला तसं लिहून त्यानं मोजणीच्या तिसऱ्या दिवसाची परवानगी काढली, आणि या वेळी मोजून झालं की मदरच्या पायावर डोकं ठेवून खोली बदलून मागायची, असं पक्कं केलं. मुलीला मागता येत नसेल, पण बापाला कुठलाच नियम आडवा येत नव्हता.

५

तिसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. जिना चढताना वाल्बुर्गाची किणकिण सुरू झाली आणि गोमार मुठी आवळून ऐकू लागला.

एक. दोन. तीन. दारं मागच्या वेळेसारखी लागत गेली. आठ. नऊ. मग किंचित खंड पडला, आणि दहा.

तो श्वास रोखून थांबला. पुढे काही नाही. वाल्बुर्गानं घंटा थांबवली तरी काही नाही. कुठून तरी कबुतर घुमलं, तेवढंच.

"दहाच," तो मोठ्यानं म्हणाला.

"म्हटलं नव्हतं? चुना वाळला, घुमणं गेलं."

गोमारला एकदम इतकं हलकं वाटलं की तो हसलाच. कान वाजत होते आपले. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे वाजायचेच. तो काठी खांद्यावर टाकून ओवरीतून चालू लागला. दारं बंद होती, पहिलं, दुसरं, तिसरं. नवव्या दारापर्यंतची फरशी नुकतीच पुसलेली होती, ओली, पुढची अजून कोरडी. नवव्या दारापाशी पाण्याची बादली होती आणि तिच्या काठावर पोतेरं टाकलेलं.

दहावं दार सताड उघडं होतं.

आत खाट, गवताची गादी, भिंतीवर क्रूस, खिडकीत ऊन. खोली रिकामी होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "आज ओवरी कोण पुसत होतं?"

"आल्देगोंड. आत्ता घंटा सुरू केली तेव्हा इथेच होती, पाठमोरी. मी पाहिली ना." वाल्बुर्गानं उघड्या दारातून आत पाहिलं आणि तिचा रुंद चेहरा उतरला. "दुसरीकडे जाईल कुठे? जिन्यावर आपण होतो."

नऊ दारं आणि एक. गोमारला कळलं, पण ते कळणं डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला. घाईत, ओल्या पायांनी, मान खाली घालून पळणारी आज्ञाधारक पोर आपलं दार ओलांडून पुढच्या उघड्या दारात शिरली होती.

फरशीवर तिच्या अनवाणी पावलांचे ओले ठसे होते. बादलीपासून निघून, तिच्या स्वतःच्या दारावरून पुढे जाऊन, ते कोऱ्या भिंतीपर्यंत गेले होते. शेवटच्या पावलाची फक्त टाच दिसत होती. बाकीचं पाऊल भिंतीच्या खाली गेलेलं होतं.

६

त्यानं भिंतीवर मुठी मारल्या. "आल्दी! आल्दी, मी आहे, बाबा!" भिंत भरीव वाजली. त्याच्या हातांना चुना लागला, पोरीचा आवाज आला नाही.

"हाकेला ओ देणार नाही ती," वाल्बुर्गा म्हणाली. "घंटेशिवाय बाहेर यायचं नाही, अशीच शिकवलीय आम्ही."

"मग घंटा द्या."

"तुम्ही फाटकाबाहेर गेल्यावर देते ना. चला, लवकर चला."

गोमार दोन पावलं निघालाही. मग तो थांबला. फाटक खालच्या मजल्यावर, पश्चिमेच्या टोकाला. तिथून दिलेले ठोके या दहा खोल्यांत जेमतेम पोचत असतील. या भिंतीपलीकडे ते पोचतात, कुणी पाहिलंय? पहिली घंटा ओवरीतून वाजत येते, ती तिकडे ऐकू जाते. म्हणून तर ते दार लागतं. ते उघडल्याचा आवाज मात्र त्यानं एकदाही ऐकला नव्हता, आणि ऐकायला तो तिथे कधी थांबलाही नव्हता.

"इथे द्या," तो म्हणाला. "आत्ता. या भिंतीशी."

"पुरुष आत असताना? सगळ्याजणी उघड्या चेहऱ्यानं बाहेर येतील! मला या घरातून हाकलून देतील हो."

"सिस्टर, माझी पोर आहे ती. मला दुसरं कुणी नाही."

वाल्बुर्गानं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं मासेबाजारात शोभेल अशी एक शिवी हासडली, क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "तोंड भिंतीकडे. डोळे मिटा. एक पापणी हलली तर याच घंटेनं डोकं फोडीन."

त्यानं कपाळ गार चुन्याला टेकवलं आणि डोळे मिटले. मागे तीन ठोके पडले. दारं उघडू लागली. बायकांची कुजबुज, दचकून घेतलेले श्वास, "अगं बाई, पुरुष!" असा कुणाचासा चिरका आवाज. त्यातून तो मोजत होता. नऊ. त्यापुढे काही नाही.

"पुन्हा."

पुन्हा तीन ठोके. भिंत तशीच.

"इकडे आणा ती," म्हणत त्यानं आंधळ्यासारखा हात मागे केला. घंटेची मूठ तळव्यात आली. त्यानं ती भिंतीला अगदी चिकटवून धरली आणि जीव खाऊन तीन ठोके दिले. हात खांद्यापर्यंत झिणझिणला.

त्याच्या कानाशी, बोटभर अंतरावर, कडी वर उचलली गेली.

चेहऱ्यावर गार हवा आली. तिला कसलाच वास नव्हता, हेच भयंकर होतं. चुन्याचा नाही, ओलीचा नाही, माणसाचा नाही. मग त्याच्या बाहीला घासून एक पाऊल बाहेर आलं, अनवाणी, त्याच्या ओळखीचं. लहानपणापासून ती डावा पाय जरा ओढून चालायची. आणि तिच्या मागून आणखी एक. ते फार सावकाश होतं. चालायची सवय मोडलेल्या माणसासारखं प्रत्येक पाऊल आधी टेकून बघत, ते त्याच्या पाठीमागून गेलं. गोमारनं डोळे उघडले नाहीत. दिलेल्या शब्दासाठी नव्हे, नुसत्या भीतीनं.

कडी पुन्हा पडली. कपाळाला गार चुना लागला, भरीव.

"बाबा?"

त्यानं डोळे उघडले. आल्देगोंड शेजारी उभी होती, डोक्यावरचं कापड हातात घेऊन. चेहरा तोच, एकोणीस वर्षांचा, आईच्या जिवणीचा. तिच्या खांद्यावरून पुढे एक दाट वेणी आली होती आणि ती कमरेच्या खाली पोचली होती.

ओवरीत नऊ साध्वी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. जिन्याच्या तोंडाशी एक दहावी पाठ क्षणभर दिसली, धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यांतली. वाल्बुर्गा कुणा वडीलधाऱ्या बाईला द्यावी तशी तिला वाट देऊन बाजूला झाली. मग ती पाठ उतरून गेली. खाली फाटक उघडल्याचा आवाज आला.

"बाबा," आल्देगोंड म्हणाली, "मला भूक लागलीय."

गोमार तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

७

मदर गोदेलीव्ह पहिल्या खोलीतून आली होती. तिनं वेणीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि व्यवहारी बाई असल्यामुळे एकही प्रश्न विचारला नाही.

"हिचं व्रत झालेलं नाही," ती म्हणाली. "घेऊन जा. आणि त्या बिअरवाल्याला सांगा, त्याची दहा फूट जागा त्याला मिळेल. उद्याच पाडायला घ्या."

वाल्बुर्गाला कुणी हाकललं नाही. बापलेक निघाले तेव्हा तिनं पुन्हा किणकिण केली आणि गोमारनं जिन्यावरून ऐकलं. नऊ दारं लागली. तो बराच वेळ उभा राहिला. नऊच.

पाडकाम गवंडी मेल्किओरनं केलं, मठ मुळात बांधणाराही तोच. तिसऱ्या दिवशी तो गोमारकडे आला आणि टोपी हातात फिरवत बसला.

"खोली नाही रे. पोकळी नाही. दहा फूट नुसती वीट, तळापासून छपरापर्यंत, सांधे चुन्यानं भरलेले. बोटभर फट नाही."

"तूच बांधलीस ना?"

"मी दोन फुटी भिंत बांधली होती." मेल्किओरनं टोपी डोक्यावर घातली. "एवढ्या विटा मला मिळाल्याच नव्हत्या."

गोमारनं न्यायसभेला लिहून दिलं: आतून एकशे तीन, बाहेरून एकशे तेरा, मधल्या जागेत खोली नाही. शब्दन् शब्द खरा होता, त्यानं तशी शपथही घेतली. क्रिस्पाइन मात्र महिनाभर हिरमुसलेला होता. चार वर्षं लढलेला खटला समोरच्यानं असा हसत हसत सोडून द्यावा, हे त्याला अपमानासारखं वाटलं.

वेणीबद्दल गावात बायका विचारत. गोमार सांगे, "मठातलं तेल." त्यावर त्या तेलाचं नाव विचारत.

आल्देगोंड त्या खोलीविषयी एकदाच बोलली, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, वाटाणे सोलताना.

"खोली चांगली होती, बाबा. खाट होती, उजेड होता. त्या बाई फार मायाळू. म्हणायच्या, दुसरी घंटा होईलच, मी पण वाट बघतेय. कंटाळा आला की माझे केस विंचरायच्या."

"किती दिवस होतीस तू?" गोमारनं विचारलं. तो भिंतीशी उभा होता तो वेळ, सगळा मिळून, एक प्रार्थना म्हणण्याइतका होता.

"मोजले नाहीत," ती म्हणाली. "घंटा झाल्याशिवाय उठायचं नव्हतं ना. मग मोजून काय करायचं?"

त्याला तिचा राग आला, मठाचा आला, शहाणं बाळ म्हणून तिचं कौतुक करत आलेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला. पोर परत आली होती, पण पुरती आली नव्हती. ताटावर बसली की तो "जेव" म्हणेपर्यंत ती हात लावत नसे. जेवून झालं की "ऊठ" म्हणेपर्यंत बसून राही. एकदा तो बांधाच्या मोजणीला गेला आणि सांगायचं विसरला. संध्याकाळी आला तेव्हा ती सकाळच्याच बाकावर, हात मांडीवर ठेवून, चेहऱ्यावर काहीही तक्रार नसलेली, तशीच बसलेली होती. त्यानं त्या रात्री तिला कुशीत घेतलं आणि काही बोलला नाही. बोलला असता तर तिनं तीही आज्ञा समजून पाळली असती.

उन्हाळा लागला. एक दिवस क्रिस्पाइन आला होता, त्याचं आता पलीकडच्या शेजाऱ्याशी वाजलं होतं. गोमार टेबलावर कागद पसरून त्याला समजावत होता, पन्हाळीचा कायदा काय, उतार किती, जुनी वहिवाट कशाला म्हणतात.

"तर नियम असा आहे की..."

"बाबा, मी बाजारात चाललेय," आल्देगोंड मध्येच म्हणाली. टोपली तिनं आधीच काखेत मारली होती. "हेरिंग मासे आलेत म्हणे."

गोमारचं बोट कागदावर जिथे होतं तिथेच राहिलं. ती उंबरठा ओलांडून गेलीसुद्धा.

"अगं, शाल तरी घे!" तो ओरडला.

"नको!" रस्त्यावरून आवाज आला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"ऐकत नाहीत हल्लीची पोरं," क्रिस्पाइन म्हणाला.

"नाही ना," गोमार म्हणाला. "अजिबात ऐकत नाहीत."